गावातल्या जुन्या चर्चचे बारकावे टिपताना
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या महिन्याच्या टपालात गावातल्या जुन्या चर्चची छायाचित्रे काढण्याबद्दल बरेच प्रश्न आले. म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिले आहे.

नगर जिल्ह्यात माझ्या आजोळी मिशनच्या काळातले एक लहान चर्च आहे. काळ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे छोटा मनोरा. लवकरच दुरुस्ती निघणार आहे. त्याआधी सगळे बारकावे टिपून ठेवायचे आहेत, पण हाताशी एकच दिवस आहे. सुरुवात कुठून करू? (कोथरूड)

दुरुस्तीआधी जाताय हे फार बरे झाले. दुरुस्तीत भिंती राहतात आणि बारीकसारीक गोष्टी जातात. दाराचे कडी-कोयंडे, खिडकीच्या बिजागऱ्या, चुन्याच्या गिलाव्यातली पट्टी, दिवा टांगायचा आकडा, गज बसवायला उंबऱ्यात केलेले भोक, हे सगळे एका दिवसात भंगारात जाते आणि नंतर कोणाला आठवतही नाही.

पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. चर्चला बाहेरून एक फेरी घाला, मग आतून. वहीत कच्चा नकाशा काढा, उत्तर दिशा दाखवा आणि मुख्य दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दारे-खिडक्यांना क्रमांक द्या. नंतर घरी बसल्यावर ‘खिडकी ४, डावी बिजागरी’ एवढी नोंद पुरते. ही वही नसेल तर पंधरवड्यात सगळ्या बिजागऱ्या सारख्याच दिसू लागतात.

प्रत्येक बारकाव्याचे तीन फोटो घ्या. पहिला लांबून, ज्यात ती वस्तू कुठल्या भिंतीवर आहे हे कळेल. दुसरा मधला, ज्यात शेजारचा दगड किंवा चौकट येईल. तिसरा अगदी जवळून. आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत तिसराच तेवढा असतो. कोरीव फूल सुरेख आलेले असते, पण ते वेदीवरचे, उपदेशपीठावरचे की दारावरचे हे सांगता येत नाही. मग ते फूल त्या चर्चचे राहत नाही, कुठलेही होते. जवळच्या फोटोत एकदा १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा, एकदा काढा. पट्टी वस्तूच्याच पातळीत हवी. पुढे धरली तर माप चुकते.

लेन्स ५० मिलिमीटरची आणि जमल्यास ९० किंवा १०० ची मॅक्रो. २४ पेक्षा रुंद लेन्स बारकाव्यांसाठी वापरू नका, कडेच्या रेषा ताणल्या जातात. कॅमेरा वस्तूच्या मध्याइतक्या उंचीवर आणि भिंतीला समांतर ठेवा. खालून वर पाहत काढलेली कमान नंतर संगणकावर सरळ करता येते, पण तसे करताना कडा कापल्या जातात. इलाजच नसेल तर चारी बाजूंनी दहावा हिस्सा जागा जास्त सोडा.

आता आपल्याकडची खास अडचण. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे काळा पाषाण फिकट राखाडी येतो आणि चुना दिलेली भिंत मळकट येते. चौकटीत नुसता काळा दगड असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक पायरी (स्टॉप) कमी करा, नुसती पांढरी भिंत असेल तर एक पायरी वाढवा. दोन्ही एकत्र असतील तर पांढऱ्याला सांभाळा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलीत) काळ्यातला तपशील काढता येतो, उडालेला पांढरा परत येत नाही.

चर्चच्या कोनशिलेवर मराठी मजकूर आहे. वर्षानुवर्षे चुना बसून अक्षरे बुजली आहेत. समोरून फोटो काढला की नुसता पांढरा दगड दिसतो. काही जण खडू घासा म्हणतात, काही तारेचा ब्रश. काय करावे? (हडपसर)

दोन्ही नको. तारेच्या ब्रशने चुन्याबरोबर अक्षराची धारही जाते, आणि खडू घासणारा माणूस त्याला जे वाचता आले तेवढेच ठळक करतो, म्हणजे त्याची चूक दगडावर चढते. पीठ, तेल, दाढीचा फेस हे उपायही सांगितले जातात. यातले काहीच दगडाला लावू नका. लागतो तो फक्त तिरपा उजेड.

समोरून उजेड आला की खाचेत सावली पडत नाही, म्हणून अक्षर दिसत नाही. उजेड दगडाला घासून, म्हणजे पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांचा कोन करून आला, की केसाएवढी खाचही सावली धरते. देवनागरीत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. आपल्या अक्षरांना आडवी शिरोरेघ आणि उभा काना असतो. उजेड बरोबर डावीकडून आडवा आला तर काने उठून दिसतात आणि शिरोरेघ गायब होते. बरोबर वरून आला तर शिरोरेघ राहते आणि काने पुसले जातात. म्हणून उजेड कोपऱ्यातून हवा, वरच्या डाव्या किंवा वरच्या उजव्या. खालून उजेड दिला तर खोदलेली अक्षरे डोळ्याला उठावाची वाटतात, तेही टाळा.

सूर्याकडून हे काम फुकट होते, फक्त वेळ गाठावी लागते. पुणे-नगर भागात सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी साधारण साडेबाराला येतो. २१ डिसेंबरच्या सुमारास तो तेव्हा दक्षिणेला ४८ अंश उंचीवर असतो. त्यामुळे कोनशिला पश्चिमेच्या भिंतीत असेल तर डिसेंबरात दुपारी एक ते दीड या वेळात ऊन वरच्या उजव्या कोपऱ्यातून दगडाला घासत येते. पूर्वेच्या भिंतीसाठी साडेअकरा ते बारा, तेव्हा ते वरच्या डाव्या कोपऱ्यातून येते. हेच मेच्या मध्याला करायला गेलात तर सूर्य थेट माथ्यावर असतो आणि सगळे काने बुडतात. दक्षिणेच्या भिंतीसाठी २१ मार्चच्या आसपास सकाळी साडेआठ ते साडेनऊ उत्तम. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊनच लागत नाही. तिथे दीड फुटाचा साधा आरसा घेऊन उन्हात उभ्या असलेल्या सोबत्याकडून कवडसा पाडून घ्या.

वळचणीची सावली दगडावर पडत असेल तर उन्हाचा हा हिशेब उपयोगी पडत नाही. मग टॉर्च घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर दगडाला समांतर लावा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचे छिद्र) ८, फोकस हाताने लावून तसाच ठेवा, दोन सेकंदांचा टायमर. दगडावर चादर किंवा मोठ्या छत्रीने सावली करा, नाहीतर दिवसाच्या उजेडापुढे टॉर्च दिसणारच नाही. टॉर्च दगडाच्या कर्णाच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. दगड दोन फुटांचा असेल तर चार फूट लांब, आणि भिंतीच्या पातळीपासून फक्त फूटभर पुढे, म्हणजे १५ अंशांच्या आसपास कोन आपोआप मिळतो. जवळून मारला तर एक बाजू जळते आणि दुसरी अंधारात राहते. अंतर सारखे राहावे म्हणून टॉर्चला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक दगडाच्या मध्यासमोर धरायला सांगा, फोटो घेताना सुतळी बाजूला. आता टॉर्च दगडाभोवती गोल फिरवत, दर ४५ अंशांवर थांबून आठ फोटो घ्या; खालच्या उजेडातले फक्त ताडून पाहायला. कॅमेरा मात्र तसूभरही हलता कामा नये.

आठ कशाला? अनुस्वारासाठी. १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या मजकुरात ‘नांवानें’, ‘झालें’, ‘येथें’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास असतात. दगडातला नैसर्गिक खळगा आणि छिन्नीने मुद्दाम मारलेला टिंब एका फोटोत सारखेच दिसतात. छिन्नीच्या टिंबाची कड कुठल्याही बाजूने उजेड आला तरी स्वच्छ राहते, खळग्याची सावली मात्र दर फोटोत आकार बदलते. आकड्यांचेही तेच. ५ आणि ४, १ आणि ९ यांत गोंधळ झाला तर चर्चचे वर्षच बदलते. वाचन लिहून ठेवताना जसे आहे तसे लिहा, आजच्या नियमांनी सुधारू नका.

खोदलेल्या अक्षरांत नंतर कोणी लाल ऑइलपेंट भरला असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका, खाच पाहा. रंगवणारा माणूस रेघ चुकवू शकतो. संगमरवरावर लाल रंग असेल तर फोटो कृष्णधवल करताना लाल चॅनेल घ्या. लाल रंग दगडाइतकाच पांढरा होतो आणि खाच तेवढी उरते.

सराव पुण्यातच करता येईल. लष्कर भागातले सेंट मेरीज चर्च १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते पवित्र झाले. आत भिंतींवर स्मृतिफलक आहेत. परवानगी घेऊन तासभर त्यांच्यावर हात बसवा, मग गावाला जा.

खिडकीच्या रंगीत काचा घेतल्या तर आजूबाजूची भिंत काळी होते, भिंत घेतली तर काचा पांढऱ्या पडतात. (चिंचवड)

दोन्ही एका फोटोत मागू नका. काचेचा फोटो वेगळा आणि चौकटीचा वेगळा.

काचेसाठी सर्वांत फिकट रंगाच्या तुकड्यावर, बहुधा पिवळ्या किंवा दुधी, स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा) लावा आणि तो तुकडा जळणार नाही इतके एक्स्पोजर ठेवा. आतले सगळे दिवे बंद आणि समोरचे दार लोटलेले हवे, नाहीतर काचेवर आतले प्रतिबिंब येते. ऊन थेट काचेवर असेल त्या वेळी काढू नका, मधोमध एक पांढरा डाग पडतो. ढगाळ दिवस किंवा सूर्य दुसऱ्या बाजूला असतानाची वेळ चांगली. खिडकीमागे लिंबाचे झाड किंवा शेजारचा पत्रा असेल तर त्याचा रंग काचेत मिसळतो. बाहेर तीन-चार फुटांवर पांढरी चादर ताणून धरली की काच तिच्या खऱ्या रंगात येते. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवू नका. निळी काच जास्त असेल तर कॅमेरा निळेपणाच काढून टाकतो. ‘डेलाइट’वर पक्का करा.

मग ट्रायपॉड न हलवता तीन-चार पायऱ्या जास्त एक्स्पोजर देऊन चौकट घ्या. मोबाइलचा एचडीआर हे दोन्ही स्वतः जोडतो, पण रंग धुऊन टाकतो. एक फोटो बाहेरूनही घ्या, बाजूच्या उजेडात. शिशाच्या पट्ट्या कुठे वाकल्या आहेत, काच बसवायची लांबी (पुट्टी) कुठे सुटली आहे आणि कुठला तुकडा नंतर बसवलेला आहे ते बाहेरूनच कळते. खेड्यातल्या चर्चमध्ये चित्रांच्या काचा कमीच असतात, लाकडी चौकटीत साध्या रंगीत काचा असतात. त्याही तितक्याच नीट घ्या. एक फुटली की तोच रंग पुन्हा मिळवणे कठीण असते.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चालेल का? (वारजे)

चालेल. मुख्य लेन्सच वापरा. जवळ गेल्यावर बरेच मोबाइल आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतात आणि अक्षरे वाकतात. ती सोय सेटिंगमध्ये बंद करा आणि फूटभर मागे सरा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर पक्के करा, तीन सेकंदांचा टायमर लावा, दहा इंची ट्रायपॉड न्या. रात्रीचा मोड अक्षरांसाठी टाळा, तो दगडाचा पोत गुळगुळीत करतो.

आतून छप्पर फार अंधारात जाते. आणि एक शंका: उतरवून ठेवलेल्या कौलावर १८६५ असे वर्ष आहे. म्हणजे आमचे चर्च त्या वर्षीचे धरायचे का? (शिरूर)

आधी शंकेचे. नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि ते वर्ष कारखान्याच्या शिक्क्याचा भाग म्हणून नंतरच्या कौलांवरही उमटत राहिले. या कौलावरून एवढेच ठरते की ते त्या वर्षाआधीचे नाही. छप्पर नंतर बदललेले असू शकते, चर्च त्याहून जुनेही असेल किंवा बरेच नवेही. तरी शिक्क्याचा फोटो जरूर घ्या, कोनशिलेसारखाच तिरप्या उजेडात, आणि एकाच छपरावर दोन-तीन कारखान्यांची कौले दिसली तर प्रत्येकाचा. कुठल्या पाख्यावर कुठली आहेत तेही लिहा. दुरुस्ती कधी कुठे झाली याचा माग त्यातून लागतो.

छपरासाठी सगळे दिवे बंद करा. ट्यूब, एलईडी आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की सागवान एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला पिवळे दिसते, ते नंतर सुधारत नाही. दिवे बंद करताच येत नसतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे पट्टे येतात.

कॅमेरा आढ्याच्या बरोबर खाली, मधल्या वाटेत जमिनीवर तांदळाच्या छोट्या पिशवीवर उताणा ठेवा. दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा. एफ ८, आयएसओ १०० ला ४ ते ३० सेकंद लागू शकतात, लागू द्या. लाकूड हलत नाही. स्टॅबिलायझर मात्र बंद, ट्रायपॉडवर किंवा पिशवीवर तो स्वतःच थरथर निर्माण करतो. मग लांब लेन्सने कैचीचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याचा) एकेक जोड घ्या: लोखंडी पट्टी, खिळे की लाकडी खुंट्या, आणि जोडाजवळ सुताराने पटाशीने मारलेल्या खुणा. कुठला वासा कुठे बसतो हे त्या खुणांवरून ठरे. भिंतीत तुळईचे टोक जिथे शिरते तिथला फोटो कधीच चुकवू नका. पाणी मुरते ते तिथे आणि कुजायला सुरुवातही तिथूनच होते.

घंटेवरची अक्षरे गोलाकार आहेत. एका फोटोत येत नाहीत. (तळेगाव)

एका फोटोत येणारच नाहीत. घंटेभोवती ४५ अंशांवर थांबत आठ फोटो घ्या, शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा मजकूर समान राहू द्या. घंटेपासूनचे अंतर आणि कॅमेऱ्याची उंची बदलू नका. मनोऱ्यात फिरायला जागा नसेल तर जेवढी बाजू दिसते तेवढी घ्या आणि राहिली ती बाजू वहीत लिहा. घंटेचे कासे म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. त्यावरची हिरवी-काळी साय घासू नका, चिंच लावून चकचकीत तर मुळीच करू नका. अक्षरे उठावाची असल्याने टॉर्च वरून तिरपा धरा.

चढण्याआधी तीन गोष्टी. जिन्याच्या लाकडी पायऱ्यांच्या कडेला, भिंतीजवळ पाय ठेवा, मधोमध नको. मनोऱ्यावर आग्यामोहोळ असेल तर चढूच नका, आणि खालूनही फ्लॅश मारू नका. लोलक कापडाने बांधून घ्या, पण विचारून. अवेळी टोल पडला तर गावात माणूस गेल्याचा समज होऊ शकतो.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या जमिनीवरून नीट पाहता येतात. घंटेचा सराव करायला याहून चांगली जागा नाही.

परवानगी कोणाची घ्यायची? आणि आत काय काढू नये? (येरवडा)

प्रॉटेस्टंट चर्च असेल तर पाळकांची आणि मंडळीच्या पंचांची, कॅथलिक असेल तर फादरांची. आधी फोन, मग भेट. रविवारी सकाळी उपासना किंवा मिस्सा असते, ती वेळ सोडा. फक्त इमारतीचे बारकावे टिपणार, कशासाठी आणि प्रती कोणाला देणार हे स्पष्ट सांगा.

चपला दाराशी काढायची पद्धत असेल तर काढा. वेदीपुढच्या कठड्याच्या आत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वेदीवरचे कापड, प्याला, पवित्र पेटी हलवू नका, फोटो चांगला येईल म्हणून फुलदाणीही सरकवू नका. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या कोणी प्रेमाने उघडून दाखवल्या तरी पानांचे फोटो घेऊ नका. त्यांत हयात माणसांची आणि त्यांच्या घरांची माहिती असते. वहीची बांधणी आणि पुठ्ठा मात्र विचारून घ्या. दफनभूमीत जुन्या थडग्यांवर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ अशा ओळी सापडतील. त्यांना कोनशिलेचीच रीत लावा, पण थडग्यावर ट्रायपॉडचा पाय ठेवू नका. अलीकडच्या थडग्यांसाठी घरच्यांना विचारा.

फोटोंची नावे कशी ठेवावीत? माझ्याकडे चारशे फाइली नुसत्या आकड्यांच्या आहेत. (सिंहगड रस्ता)

गाव, तारीख, जागा, बारकावा, क्रमांक या क्रमाने. उदाहरणार्थ ‘गावाचे नाव_२०२५-१२-२१_पश्चिमभिंत_कोनशिला_०३’. तारीख वर्षापासून सुरू केली की फाइली आपोआप ओळीने लागतात. नावे त्याच रात्री द्या, आठवड्याने नाही. कच्च्या नकाशाच्या पानाचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच घरात.

चर्चला पेनड्राइव्ह द्याच, पण त्यावर थांबू नका. निवडक वीस-पंचवीस फोटो सहा बाय आठच्या कागदावर छापा, मागे पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहा आणि पाळकांकडे द्या. पाळकांची बदली होते, पेनड्राइव्ह कुठल्या खणात गेला ते पुढच्यांना कळत नाही. कागदाचे पाकीट नोंदवह्यांच्या कपाटात राहते, आणि दुरुस्तीचा मिस्त्री आला की तेच त्याच्या हातात देता येते.